रंगूआत्याचं घड्याळ

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला म्हणजे काय होतं, हे समजावून सांगायला दोन हात लागतात. डावा हात म्हणजे मेंदूकडून आलेलं टोक, उजवा म्हणजे पायाकडं जाणारं, आणि दोन्हींच्या मध्ये राहते ती फट. विश्वजीतनं हे दोन हात सांगलीच्या कॉलेजात, पुण्याच्या परिषदेत, एकदा तर चुलतभावाच्या मुलाच्या बारशातही करून दाखवले होते आणि कुठंच काही विपरीत घडलं नव्हतं. कारण त्या सगळ्या ठिकाणी हात मोकळे होते. दहिवडीच्या बाजारात ते मोकळे नव्हते. त्या हातांत रंगूआत्याची चाकांची खुर्ची होती, खुर्चीत रंगूआत्या होती, आणि पुढं शेळ्यांच्या बाजाराकडं जाणारा उतार होता.

"आता बघ आत्या, हे एक टोक," तो म्हणाला आणि त्यानं डावा हात उचलला. "आणि हे दुसरं."

शास्त्रात जी फट सुतासारखी असते, ती इथं बघता बघता भेळेच्या गाडीपासून कांद्याच्या ढिगापर्यंत वाढली. भेळवाल्यानं गाडी मागं ओढली. दोर आणि घुंगरं विकणारा म्हातारा मांडी न मोडता बाजूला सरकला, हे त्या बाजारात बरेच दिवस सांगितलं गेलं. विश्वजीत "आत्या, आत्या" करत मागं धावत होता. आत्या मात्र ओरडली नाही. तिनं मांडीवरची काठी उचलली आणि "हुर्र, हुर्र, सरका गं बायांनो" म्हणत पुढच्या शेळ्यांना वाट करायला लावली. शेळ्या सरकल्या आणि खुर्ची सुबाभळीच्या पाल्याच्या भाऱ्यात जाऊन रुतली.

विश्वजीत धापा टाकत पोहोचला तेव्हा आत्यानं जवळच्या शेळीचा ओठ वर केला होता आणि ती मालकाशी बोलत होती.

"दात जुळल्यात की रं हिचं, वय झालंय. चारदाती म्हणून कुणाला सांगतूस?"

"आवं काकू, चारदातीच हाय ती."

"तुजी आजी चारदाती आसंल. ही न्हाई."

"आत्या, लागलं का गं कुठं?" विश्वजीतनं विचारलं.

"कंबरंच्या वर न्हाई लागलं," आत्या म्हणाली. "खाली लागलं आसंल तर मला कुठं कळतंय? घरी गेल्यावर आरशात बघू." मग तिनं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "चल आता. टाईम झाला."

हे घड्याळ म्हणजे गावाचा एक करमणुकीचा विषय होता. रुंद पट्ट्याचं, पुरुषी, थाळीएवढ्या तबकडीचं. आत्याचा नवरा हरिबा, ज्याला विश्वजीत तिकडच्या रिवाजानं मामा म्हणायचा, वाशीच्या बाजारात माथाडी होता. निवृत्तीच्या वेळी त्याच्या टोळीनं ते त्याला भेट दिलं. हरिबानं ते दोन दिवस घातलं. वेळ बघून करायचं असं काहीच उरलं नव्हतं म्हणून त्यानं ते काढून ठेवलं, आणि आत्यानं उचललं. तेव्हापासून ती ते सारखं बघायची. देवळापुढं बायका गप्पांना बसल्या की गोष्ट ऐन रंगात असताना ही मनगट वळवायची आणि "चला, टाईम झाला" म्हणून खुर्ची फिरवायची. वाडीतली पोरं म्हणायची, रंगूकाकू एस्टीची कंट्रोलर झाली. विश्वजीतचा समज वेगळा होता. त्याला वाटायचं, आपलं शास्त्र ऐकून आत्या कंटाळते. समोरचा माणूस घड्याळाकडं बघायला लागला की संशोधकाला एवढंच सुचतं.

आत्या मूळची वाळवा तालुक्यातली. घराच्या मागच्या दारापासून ऊस सुरू होणारी. अशी पोर माण तालुक्यासारख्या कोरड्या मुलखात का दिली, याचं उत्तर तिचे वडील बरोबर घेऊन गेले. पण आत्यानं ऊस मनातून काढून टाकला आणि शेळ्या धरल्या. हरिबा वर्षातून दोनदा मुंबईहून यायचा, दिवाळीला आणि जत्रेला. मधल्या काळात घर, पोर, रान आणि शेळ्या असा सगळा कारभार आत्याचा. तिचा आवाज असा, की टेकडीच्या पलीकडं चरणारी शेळी मान वर करायची, आणि ती शेळी आत्याची नसली तरी करायची.

एका कोरड्या साली चारा संपला. आत्या कोयता घेऊन बांधावरच्या कडुलिंबावर चढली, पाला छाटायला. ती हे लहानपणापासून करत आली होती. फांदीनं मात्र त्या वर्षी पाणी पाहिलं नव्हतं. फांदी, पाला, कोयता आणि आत्या असे सगळे एकदमच खाली आले. मिरजेच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, ती शुद्धीवर आली, सगळं घर खाटेभोवती उभं राहिलं, आणि पहिलं वाक्य काय बोलते म्हणून सगळ्यांनी श्वास धरला. आत्या म्हणाली, "पाला शेळ्यांनी खाल्ला का वाया गेला?"

त्या खोलीत विश्वजीतही होता. तेव्हा तो एम.एस्सी. करत होता आणि पुढं उसावरच्या किडीचा अभ्यास करायचं त्याच्या मनात होतं. घरालाही ते पटण्यासारखं होतं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, कमरेच्या वरच्या मणक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून खाली निरोप जात नाही, खालचा वर येत नाही." लहानपणी या बाईच्या खांद्यावर बसून विश्वजीतनं अख्खी जत्रा पाहिली होती. त्यानं कीड सोडली आणि मज्जारज्जू धरला. घरी वडिलांना त्यानं सांगितलं, विषय बदललाय. वडील म्हणाले, "बरं." आणि बराच वेळ गोठ्यात जाऊन उभे राहिले. रंगूबाई त्यांची धाकटी बहीण होती.

आत्यानं खुर्ची महिनाभरात वठणीवर आणली. हरिबा मुंबई सोडून कायमचा घरी आला. तेव्हापासून आवाज आत्याचा आणि पाय हरिबाचे, अशा जोडीनं शेळ्या चालू लागल्या. "डावीकडं घ्या... आवं तुमची डावीकडं न्हवं, शेळीची," असं दिवसभर चालायचं. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेला तो माणूस म्हणायचा, "पोत्यानं मला कवा सांगितलं न्हाई डावीकडं घ्या म्हणून." पण म्हणायचा तो आत्याला ऐकू जाणार नाही इतक्या लांबून.

दिवसातून काही वेळा आत्या खोलीचं दार लावून घ्यायची. आत काय चालतं हे हरिबाला आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला, पूजाला, माहीत होतं. बाकीच्यांनी विचारायचं नाही आणि या दोघांनी सांगायचं नाही, असा घराचा कायदा होता.

आणि पूजाचं लग्न ठरलं. मुलगा जयराज, सांगलीचा, ट्रॅक्टरच्या शोरूमला नोकरीला. मुलगा शांत, पण त्याचे चुलते राजकारणात घोट्यापर्यंत पाय भिजवून बसलेले. त्यामुळं कार्यालय सांगलीतलं मोठं. सगळं ठरलं, बस्ता झाला, आणि आत्यानं जाहीर केलं, "मी न्हाई येत. कन्यादानाला दादा-वैनी बसत्याल."

एकुलती एक लेक. तिच्या हातावर पाणी सोडायला आई नाही? पूजा पुण्याहून आली, रडली, भांडली, परत गेली. हरिबानं दोन दिवस शेळ्या आपल्याच मनानं डावीकडं-उजवीकडं वळवल्या आणि आत्यानं एकदाही टोकलं नाही. ही लक्षणं बरी नव्हती. शेवटी वडिलांनी विश्वजीतला पाठवलं. "तू शिकलेला हायस. तुजं ऐकती ती. घिऊन ये तिला." म्हणून तो आत्याच्या वाडीला आला होता, आणि समजूत घालण्याची सुरुवात म्हणून तिला बाजारात घेऊन गेला होता. सुरुवात कशी झाली ते वर आलंच आहे.

बाजारातून परत आल्यावर आत्यानं दार लावून घेतलं. विश्वजीत बाहेर हरिबाशेजारी टेकला.

"मामा, आत्या का येत नाही?"

"तिला लाज वाटती."

"कशाची?"

हरिबानं समोरच्या शेळ्यांकडं पाहिलं. एकूण एक शेळीकडं पाहिलं. "लाज वाटती म्हंजी वाटती," तो म्हणाला आणि चारा टाकायला उठला. चारा मघाशीच टाकलेला होता.

पुरुषांनी ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं असतं, तिच्याभोवती ते असेच चारा टाकत फिरतात. विश्वजीतनं उरलेलं स्वतःच जोडलं. लाज खुर्चीची. चारशे पाहुण्यांसमोर खुर्चीत बसायची, उचलून स्टेजवर न्यायची. झालं, रोग सापडला. आता उपाय. आत्या बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आत्या, तुला कुणी उचलणार नाही. मी कार्यालयात उतार करून घेतो. थेट स्टेजपर्यंत. तू आपली आपण वर जायचीस."

"तुज्या हातचा उतार?" आत्या म्हणाली. "आत्ताच बघून आले की."

"ब्रेक लावीन."

आत्यानं घड्याळाच्या काचेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "तिथं अक्षता येळंवर पडत्यात का?"

विश्वजीत हसला, हरिबाही हसला. "आत्या, सांगलीत काय, आख्ख्या मुलखात कुठं कधी अक्षता वेळेवर पडल्यात? बाराचा मुहूर्त म्हणजे एक. आणि जयराजच्या चुलत्यांचे साहेब येणार म्हटल्यावर तर दोन. सत्कार, भाषणं, फेटे..."

"मग न्हाई येत," आत्या म्हणाली.

तिनं कारण सांगितलं होतं. तो मात्र उताराच्या फळ्या सागाच्या घ्याव्यात की प्लायवूडच्या, या विचारात होता.

पंधरा दिवसांनी आत्याची मिरजेला तपासणी होती; हरिबाही बरोबर होता. परतताना विश्वजीतनं गाडी सांगलीत आपल्या कॉलेजकडं वळवली. त्याचा बेत साधा होता. तुटलेल्या मज्जारज्जूचा मासा पुन्हा पोहताना आत्यानं डोळ्यांनी बघितला की तिच्या मनाला उभारी येईल, आणि उभारी आली की माणूस लग्नाला जातो.

प्रयोगशाळा डॉ. चंदना चौगुले यांची. विश्वजीत त्यांच्या हाताखाली. मॅडम समडोळीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. कांदा नाही, बटाटा नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण. आणि दिवसभर माशांच्या पाठीवर सुरी. ही गोष्ट त्यांच्या घरी कुणी विचारत नव्हतं आणि प्रयोगशाळेतही कुणी विचारत नव्हतं. आत्यानं आत आल्या आल्या विचारली.

"बाई, तुमी जैन न्हवं? आन् मासं कापता?"

विश्वजीत छताकडं बघू लागला.

"कापते," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात भुलीचं औषध घालून, झोपवून कापते. आणि पर्युषण संपलं की क्षमावणीला या टाक्यांपुढं हात जोडून उभी राहते. उत्तम क्षमा म्हणते."

"मग मासं काय म्हंत्यात?"

"काही नाही. पाठ फिरवून पोहत जातात."

"आमच्या ह्यांच्यागत," आत्या म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या. हरिबा दाराशी उभा होता. त्यानं पाठ फिरवली.

टाक्या ओळीनं होत्या. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळे-सोनेरी पट्टे. आत्यानं खुर्ची पहिल्या टाकीजवळ घेतली. "हे तर आमच्या ओढ्यातलं! लहानपणी फडक्यात धरायचो आमी." पहिल्या टाकीतला मासा तळाशी होता. पुढचं अंग हलत होतं, शेपटी मागून ओझ्यासारखी येत होती. आत्या त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली. शेवटच्या टाकीतला मासा सळसळ पळत होता.

"त्यो पडलेला आन् ह्यो पळणारा, दोगांचंबी कापलंय?"

"दोघांचंही," विश्वजीत पुढं सरसावला. त्यानं हात वर केले, मग आठवण होऊन आधी खुर्चीचा ब्रेक बघितला. "माशात काय होतं आत्या, फटीत पेशी येतात आणि पूल बांधतात. त्या पुलावरून तुटलेलं टोक हळूहळू पलीकडं जातं. दीड-दोन महिन्यांत मासा पोहायला लागतो. माणसात तसं होत नाही. आपल्यात तिथं व्रण धरतो. घट्ट, भिंतीसारखा. टोक पुढं जाऊ बघतं ते तिथंच अडतं."

"म्हंजी माशानं पूल बांधला आन् आपल्यात भिंत," आत्या म्हणाली. "आपलं टेंडर चुकीच्या माणसाला गेलं म्हणायचं."

"आम्ही तेच शोधतोय. माशाच्या अंगात पूल बांधायचा निरोप कोण देतं, आणि तो आपल्यात देता येईल का."

"माणसाला कवा व्हईल?"

विश्वजीतनं तोंड उघडलं. त्याच्याकडं या प्रश्नासाठी एक लांब आणि आशादायक उत्तर तयार होतं. मॅडम आधी बोलल्या. "ठाऊक नाही, ताई. जगभर लोक मागे लागलेत. थोडं थोडं सरकतंय. पण तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत होईल, असं मी सांगणार नाही."

आत्यानं मान हलवली. "खरं बोलती बाई. ह्यो मला दर दिवाळीला चालवतोय."

विश्वजीतनं विषय बदलायला वही उघडली आणि मासा किती लांब पोहला, किती वेगानं पोहला, याच्या रेघा दाखवू लागला. मॅडम त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "पोहणं मोजता येतं म्हणून आपण पोहणं मोजतो. नाहीतर माशाला आधी काय परत हवंय, हे आपण विचारलंय कुठं?" मॅडम अधूनमधून असं बोलायच्या. विश्वजीत अशा वेळी आदरानं मान डोलवायचा आणि पुढं जायचा. आताही त्यानं तेच केलं.

आत्यानं मनगट वळवलं. घड्याळ पाहिलं. मग खोलीच्या दाराकडं पाहिलं, बाहेरच्या लांबलचक व्हरांड्याकडं पाहिलं, आणि पुन्हा घड्याळाकडं.

"कंटाळलीस का आत्या? चहा सांगू?"

"नगं."

"पाणी तरी घे. सकाळपासून तू घोटभर पाणी घेतलं नाहीस. उसाचा रस आणतो. तुझ्या माहेरचा आहे."

"नगं म्हणलं न्हवं."

चंदना मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. आत्याच्या कोरड्या ओठांकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "विश्वजीत, रस घेऊनच ये. चौकातला नको. एस्टी स्टँडजवळचा."

"मॅडम, ते फार लांब आहे."

"म्हणूनच. आणि मामांनाही घेऊन जा."

ते दोघं स्टँडजवळून रसाचे ग्लास सांभाळत परत आले, तर व्हरांड्याचं रूप पालटलं होतं. टोकाला एक खोली होती. दारावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र होतं आणि आत, गेली दोन वर्षं, विश्वजीतनं माशांच्या खाद्याचे डबे, मोडके पंप आणि जुन्या टाक्या भरून ठेवल्या होत्या. जागा कोरडी होती, कुलूप होतं, आणि कुणी वापरतही नव्हतं. सामान ठेवायला याहून बरी खोली अख्ख्या इमारतीत नव्हती. ते सगळे डबे आता बाहेर भिंतीला लावून रचले होते. दार आतून बंद होतं. त्यापुढं एका डब्यावर चंदना मॅडम बसल्या होत्या, साडीचा पदर खोचलेला, केसांना जाळं लागलेलं.

"मॅडम, साफसफाई काढली?"

"हो. फार दिवस राहिली होती."

"मला सांगायचं, मी केली असती."

"तू करायला हवी होतीस खरं," मॅडम म्हणाल्या.

हरिबानं त्या दाराकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि त्यांना हात जोडले. विश्वजीतला वाटलं, मामा गावाकडचे आहेत, मोठ्या माणसांना हात जोडतात.

दार उघडलं. आत्या बाहेर आली. तिनं आपला रस प्यायला, मग विश्वजीतच्या हातातला त्याचा ग्लास घेतला आणि तोही प्यायला. पदरानं तोंड पुसलं. "पूजाच्या लग्नाला येते मी," ती म्हणाली. "ह्या बाईस्नी पत्रिका द्या. पयल्यांदा ह्यास्नी द्या."

विश्वजीतनं त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं, आत्यानं मासा बघितला आणि मन पालटलं.

लग्नाच्या दिवशी उतार तयार होता. प्लायवूडचा, वर लाल गालिचा. विश्वजीतनं पहाटे स्वतः खुर्चीत बसून तो चार वेळा चढून-उतरून बघितला होता आणि कार्यालयाचा वॉचमन त्याला नवरदेवाचा अपंग भाऊ समजून फार आपुलकीनं वागत होता. स्टेजशेजारी एक छोटी खोली होती. तिची किल्ली चंदना मॅडमनी सकाळीच मागून घेतली होती. का, ते विश्वजीतनं विचारलं नाही. मॅडमची पर्स ठेवायला असेल.

मुहूर्त जवळ आला. आत्या हिरव्या इरकलीत, नथ घालून, उताराच्या पायथ्याशी. मुहूर्ताच्या थोडं आधी ती आणि मॅडम त्या खोलीत जाऊन आल्या. मग वर निवेदक उभा राहिला. दादासो त्याचं नाव. हाती माईक आला की त्याला तो परत देववत नसे. त्यानं सत्काराची यादी उघडली. कारखान्याचे संचालक. बँकेचे माजी संचालक. माजी होऊ घातलेले संचालक. प्रत्येकाला फेटा, नारळ, टाळ्या. उताराचं वरचं तोंड जिथं होतं तिथं कुणीतरी पाहुण्यांसाठी सोफा आणून ठेवला आणि त्यावर तिघं मान्यवर बसले. मुहूर्त गेला.

"साहेब कासेगावजवळ आलेले आहेत," दादासो म्हणाला. "ते आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, अशी आपणा सर्वांची इच्छा आहे."

आत्यानं घड्याळ पाहिलं. पुढचा सत्कार. तिनं पुन्हा पाहिलं. वर पूजा हार हातात धरून उभी होती आणि तिची नजर हारावर नव्हती, नवऱ्यावरही नव्हती. ती उताराच्या पायथ्याशी आईच्या मनगटावर होती.

हरिबा गर्दीतून विश्वजीतकडं आला. फेट्याखाली त्याचं तोंड उतरलं होतं. "इसू, तुज्या आई-बाबाला सांगून ठेव. दोगंबी तयार ऱ्हावा. ती आता जातीया बघ."

"मामा, उतार नीट आहे. मी धरतो ना खुर्ची."

"उताराचं न्हाई रं ते," हरिबा म्हणाला. पुढं काही बोलण्यासाठी त्याचे ओठ हलले, पण तिथं चारा टाकायला शेळ्या नव्हत्या, म्हणून तो नुसताच उभा राहिला.

आत्यानं खुर्ची फिरवली. दाराकडं तोंड केलं.

तेवढ्यात चंदना मॅडम स्टेजवर चढलेल्या दिसल्या. सत्काराच्या यादीत नसलेली बाई वर आलेली बघून दादासो गोंधळला. मॅडम त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. त्यानं खाली पाहिलं, आत्याकडं, मग तिच्या घड्याळाकडं. त्या माणसाच्या घरी म्हातारी आई असावी, कारण त्यानं यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि माईक तोंडाशी धरला.

"वेळेअभावी सर्व मान्यवरांचा सत्कार झाला, असं समजण्यात यावं. साहेब रस्त्यात आहेत, त्यांचे आशीर्वाद आपण रस्त्यातूनच घेऊ. सोफ्यावरच्या मंडळींनी कृपया उठावं, नवरीच्या आईला वाट हवी आहे. भटजी, मंगलाष्टका."

त्या कार्यालयात अक्षता इतक्या लवकर कधी पडल्या नव्हत्या. लोकांच्या हातात तांदूळ पोहोचायच्या आधी दोन मंगलाष्टका होऊन गेल्या. मग आत्या उतार चढली, विश्वजीतनं धरलेल्या खुर्चीतून. या वेळी त्यानं दोन्ही हात सोडले नाहीत, नाकावर माशी बसली तरी. हरिबा पाटावर बसला असता तर खुर्चीच्या खाली कुठंतरी राहिला असता, म्हणून त्याला स्टूल दिलं. पूजानं हात पुढं केला. आत्यानं तांब्यातली धार सोडली. हरिबाचा हात खालून भलतीकडंच सरकला होता आणि पाणी त्याच्या बाहीत जात होतं.

"हात डावीकडं घ्या," आत्या हळूच म्हणाली. "तुमची डावी न्हवं. लेकीची."

हरिबा रडता रडता हसला, आणि पूजाही.

विधी झाला, आत्यानं घड्याळ पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि दोघी त्या छोट्या खोलीत गेल्या. जेवायला आल्यावर आत्यानं तीन वाट्या मठ्ठा प्यायला आणि जिलेबी वाढणाऱ्याला, तू मूळचा कुठला, हे विचारलं. साहेब आले तेव्हा ती आपली खुर्ची त्यांच्या शेजारी लावून होती आणि शेळ्यांच्या दवाखान्याला औषध का नसतं, हे विचारत होती.

पाठवणी झाली. मांडवात उरल्या त्या पत्रावळ्या आणि मोजकी माणसं. विश्वजीत चंदना मॅडमपाशी गेला. "मॅडम, तुम्ही दादासोला काय सांगितलंत?"

"तुझ्या आत्यालाच विचार," मॅडम म्हणाल्या. "मीही तेच केलं होतं."

आत्या मांडवाच्या कडेला बसली होती. डोळे रडून सुजले होते, पण मुद्रा शांत होती. विश्वजीतनं शेजारी खुर्ची ओढली. काय विचारायचं ते त्याच्या मनात होतं, पण संशोधकाला सरळ विचारता येत नाही. तो आधी गृहीतक मांडतो.

"आत्या, समज उद्या आमचं जमलं. माशाचा पूल माणसात बांधता आला. दोर सांधला गेला. तर सगळ्यात आधी कुठं चालत जाशील? औंधाला यमाईचा डोंगर चढशील, का लिंबाच्या त्या बांधावर जाशील?"

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. बाजारात त्या शेळीचे दात बघताना तिनं असंच पाहिलं होतं. मग तिनं मनगटाचा रुंद पट्टा सोडला, घड्याळ काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली,

"चालायचं मागनं बघू रं; मुतायला झालंय का न्हाई, ते आधी ह्या घड्याळाला न इचारता कळू दे मला."